त्याचं हृदय, माझं पित्त

६ एप्रिल, रविवार

मी सायकल शिकणार आहे. एक्कावन्नाव्या वर्षी. एवढं लिहितानाही हाताला घाम आला.

झालं असं की दुपारी अंबरीष टेबलावर जपानचा नकाशा पसरून बसला होता. मी चहा ठेवायला गेले तर म्हणाला, "हे बघ, शिओजिरीपासून नदीच्या बांधावरून पार मात्सुमोतोच्या पुढेपर्यंत सायकलचा रस्ता आहे. एक गाडी नाही. मधे मधे द्राक्षांचे मळे. ऑक्टोबरात तोडणी चालू असते. तीन दिवस जाऊन येतो."

'येतो' म्हणाला, 'येऊ' नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत याच माणसाला ऑफिसच्या मीटिंगमधून उचलून अँब्युलन्सने नेलं होतं. दोन स्टेंट बसले. फोन आला तेव्हा मी खाली कचऱ्याच्या जागेवर प्लॅस्टिकच्या बाटल्यांची झाकणं वेगळी करत होते. अजूनही बाटलीचं झाकण काढताना आधी फोनकडे बघते. तेव्हापासून त्याच्या हृदयाचे ठोके मनगटावरच्या घड्याळातून मला माझ्या फोनवर दिसतात. दिवसातून किती वेळा बघते ते इथे लिहीत नाही.

आता तो ठणठणीत आहे असं डॉक्टर म्हणतात. सायकल चालवा म्हणतात, फक्त दम लागेल इतकी नको. पण दम लागतोय की नाही ते बघणार कोण? नदीकाठी एकटा पडला तर? लोकांना त्या रस्त्यावर गाड्या नाहीत याचं कौतुक. मला वाटतं एखादी तरी असावी. निदान कोणी थांबून बघेल.

"मी येणार," मी म्हटलं.

"तुला सायकल येत नाही."

"शिकेन."

तो हसला. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि हसायचा थांबला.

२० एप्रिल, रविवार

शिकवायला मैथिली आहे. तिचा नवरा अंबरीषच्याच कंपनीत. ही बाई पुढे एक आणि मागे एक मूल बसवून, हँडलला भाजीची पिशवी अडकवून सगळ्या नागोयात फिरते. तिला सायकल म्हणजे चप्पल.

शोनाइ नदीच्या काठच्या मैदानात गेलो. तिने मागून धरलं, मी पेडल मारलं, तिने सोडलं, मी पडले. असं बराच वेळ. कुत्रा फिरवणारे एक आजोबा थांबून बघत होते. चौथ्यांदा पडले तेव्हा त्यांनी हळूच टाळ्या वाजवल्या. इथले लोक पडण्याचंही कौतुक करतात, त्याने जास्तच मेल्याहून मेल्यासारखं होतं.

एक आहे. पडल्याने फार लागत नाही, पण उठून उभं राहिलं की छातीत भाता चालतो. मैथिली म्हणाली, "विभाताई, तुम्ही श्वास रोखून धरता. घाबरता ना, म्हणून." खरं असणार. मी लिफ्टमध्येही श्वास रोखून धरते.

११ मे, रविवार

जमलं. झाडापासून पुलापर्यंत सरळ गेले, पाय न टेकता. वळता येत नाही अजून, पण नदी सरळच आहे.

परतताना वाऱ्याच्या उलट्या दिशेने यायचं होतं. खांद्याच्या दोन पात्यांच्या मधे दुखायला लागलं, मग डाव्या दंडातून कोपरापर्यंत. मी हँडल गळा धरल्यासारखं धरते, दुखणारच. बाकावर बसले तर पाच-दहा मिनिटांत थांबलं.

आज अंबरीषही बघायला आला होता. त्याने विचारलं, "काय होतंय?"

"पित्त," मी म्हटलं. सकाळी रिकाम्या पोटी चहा घेतला होता, वर मिरचीचे पोहे. घरी येऊन आमसुलाचं पाणी प्यायले. त्याला बरं वाटलं. म्हणजे मला बरं वाटलं, आणि ते बघून त्याला.

१५ जून, रविवार

आता दोघं जातो. मी मागे, तो पुढे. मागे राहायचं मीच ठरवलं. पुढे राहिले तर तो पडलेला मला दिसणार नाही.

माझ्या कंबरेला एक छोटं पाकीट असतं. त्यात त्याची जिभेखाली ठेवायची गोळी. ती कशी काढायची याची मी डोळे मिटून तालीम केली आहे. चेन, मग पाकिटातला कप्पा, मग अंगठ्याने दाबायचं. त्याच्या खिशात ठेवत नाही. तो विसरेल.

आज माझ्या एक लक्षात आलं. तो दर थोड्या अंतरावर थांबून फोटो काढतो. बगळ्याचा फोटो, पुलाचा फोटो, मग पुन्हा त्याच बगळ्याचा. या माणसाने ईश्वरीच्या बारशातही फोटो काढले नव्हते. मी ओळखलं. त्याला दम लागतो आणि सांगायची लाज वाटते. मी काही बोलत नाही, शेजारी जाऊन उभी राहते. तेवढ्यात माझाही श्वास जागेवर येतो, ते एक बरं आहे.

फोनवर बघितलं तर ठोके अठ्ठ्याऐंशी. दम लागलेल्या माणसाचे अठ्ठ्याऐंशी? ते घड्याळ खोटं दाखवत असावं. या विचाराने दिवसभर स्वस्थ बसवलं नाही. नवीन घड्याळ घ्यायला सांगणार आहे.

१३ जुलै, रविवार

उकाडा असह्य. सायकल बंद.

दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. गेले दोन-तीन आठवडे खालचा जबडा दुखतो, तोही मजा बघा, स्टेशनच्या जिन्यावर. सामान घेऊन वर येताना दुखायला लागतो आणि वर पोचून उभं राहिलं की जातो. मला वाटलं मी घाबरून दात आवळते. डॉक्टरांनी फोटो काढला, चमच्यासारख्या वस्तूने एकेक दात वाजवून बघितला आणि दात उत्तम आहेत म्हणाले. मग दुखतं कशाने, ते त्यांना सांगता आलं नाही. वाकून सॉरी म्हणाले.

घामही फार येतो. वयाचं आहे.

अंबरीषने विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "दात उत्तम." तो म्हणाला, "चला, बरं झालं."

१६ ऑगस्ट, शनिवार

ईश्वरी सुट्टीला आली आहे. क्योतोत राहून ती आणखीच जपानी झाली. मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते, अंबरीष मधे बसून आमटी ओरपतो. कशालाही 'दाइजोबु' म्हणते. जेवलीस? दाइजोबु. पैसे आहेत? दाइजोबु. म्हणजे ठीक आहे, काळजी नको, विषय संपला. एका शब्दात आईला बाहेर काढून दार लावून घेता येतं.

काल मात्र तिने मराठीत विचारलं. "आई, दुसऱ्या माळ्यावर लिफ्टने का येते तू?"

"गुडघे," मी म्हटलं. आणि वर, "दाइजोबु." ती हसली.

कंपनी बायकांचीही तपासणी करून देते दरवर्षी. माझी तारीख नेमकी अंबरीषच्या ट्रेडमिल टेस्टच्या दिवशी आली. अर्थात त्याच्याबरोबर गेले. काचेपलीकडे तो पट्ट्यावर चालत होता आणि अलीकडे मी खुर्चीचा दांडा धरून बसले होते. टेस्ट छान झाली. माझी तारीख बदलून घ्यायची राहिली, पुढच्या वर्षी बघू. आमच्याकडे तसंही हार्टचं काही नाही. हे सगळं अंबरीषच्या घरातून आलेलं. माझे बाबा छप्पन्नाव्या वर्षी गेले, पण ते झोपेत. पुण्यवान माणूस. आदल्या संध्याकाळी पित्त झालं म्हणून जेवले नाहीत, आलं-लिंबू चाटून झोपले, ते उठलेच नाहीत. कुणाला त्रास दिला नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

शुक्रवारी निघायचं. माझी पाचावर धारण बसली आहे.

आता अस्वलं निघाली आहेत. रोज बातम्यांत अस्वल. सुपरमार्केटमध्ये अस्वल, शाळेच्या मैदानात अस्वल, एका आजींच्या स्वयंपाकघरात अस्वल. मी अंबरीषला म्हटलं, रद्द करू. तो म्हणाला, आपण जातोय तिथे खाली नदीकाठी येत नाहीत. अस्वलांनी त्याला लिहून दिलंय का? मग भूकंप आहे. मग वादळ आहे, दक्षिणेला एक तयार होतंय. मग त्याने एखाद्या चढावर पोरकटपणे जोर लावला तर? आणि तिथून इस्पितळ किती लांब, हे मी नकाशात बघून ठेवलंय, तो रस्ता पाठ केलाय.

मैथिलीला फोन केला. ती म्हणाली, "विभाताई, तुमच्यासारखी घाबरट बाई मी बघितली नाही. जा आणि द्राक्षं खाऊन या." तिचं बोलणं मला कधी लागत नाही, आज थोडं लागलं. मी घाबरट आहे हे मलाही ठाऊक आहे. म्हणून तर छातीत धडधडलं की मी तिकडे लक्षच देत नाही. घाबरट माणसाची छाती, तिचं काय ऐकायचं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. शिओजिरी

पोचलो. दिवस पार पडला. तो जिवंत आहे, हे आधी लिहिते.

स्टेशनजवळ बॅटरीच्या सायकली भाड्याने मिळतात, त्या घेतल्या. माझ्यासाठी म्हणून त्याने हट्ट धरला. पेडल मारलं की मागून कुणी ढकलल्यासारखं होतं. आधी दचकले, मग आवडलं.

खरं सांगायचं तर फार सुंदर आहे. खोटं कशाला लिहू. एका बाजूला नदी, पांढरे गोटे आणि मधून निळं पाणी. दुसऱ्या बाजूला मळेच मळे. इथे वेल डोक्यावर मांडव घालून चढवतात, नाशिककडे असतात तसे, आणि घड खाली लोंबतात. काही घडांना कागदाच्या टोप्या घातल्या आहेत, पाऊस लागू नये म्हणून. आंबवलेल्या द्राक्षांचा वास सगळ्या हवेत. गाडी नाही, हॉर्न नाही, सायकलच्या चाकांचा तेवढा आवाज. अंबरीष पुढे शीळ घालत होता. मी त्याच्या पाठीकडे बघत होते आणि वाटलं, असंच चालू राहिलं तर काय हरकत आहे. लगेच भीती वाटली, असं वाटलं म्हणून.

बांधावर जायला एक चढण आहे, घसरगुंडीएवढी. तिथे माझी सायकल चालेना. म्हणजे चालत होती पण मला पाय हलवता येईनात. माझ्या सायकलची बॅटरी खराब असावी. अंबरीषने लगेच सायकली बदलल्या. पुढच्या चढावर पुन्हा तेच. दोन्ही बॅटऱ्या खराब निघाल्या, आणि हा जपान.

त्याने दिवसभरात इतके फोटो काढले की मी मनातल्या मनात रडकुंडीला आले. पूर्वी इतका नाही थांबायचा. शेवटी तर दर दोन-चार मांडवांमागे पाय टेकायचा, मागे वळून बघायचा आणि म्हणायचा, "काय होतंय?"

"मला काय व्हायचंय? तुला काही होत नाही ना?"

"नाही."

एवढं ऐकलं की मला पुढच्या मांडवापर्यंत पुरायचं.

उतरलो आहोत ते घर कोबायाशी-सान नावाच्या आजींचं. मळा त्यांचाच. त्यांनी आमच्या दोघांच्या पिशव्यांना एकेक घंटा बांधून दिली. अस्वलासाठी. अस्वलाला माणसाची चाहूल लागली की ते स्वतःच बाजूला होतं म्हणे. म्हणजे येतात. अंबरीष माझी नजर चुकवत होता.

जेवणात भोपळ्याचं काहीतरी गोड होतं. दोन घास खाल्ले, मळमळलं. प्रवासाचं पित्त. उद्या आणखी वरच्या मळ्यांकडे जायचं आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार. मात्सुमोतो, इस्पितळ

हात हलवायला परवानगी आहे. नर्सला खुणेने विचारून घेतलं.

परवाचं सगळं आठवतंय, ते लिहिते.

सकाळी निघालो. थंड वारा होता. वरच्या मळ्यांकडे जाणारा रस्ता सिमेंटचा, अरुंद, तोंडाशी लोखंडी खांब, म्हणजे गाडी आत येऊ शकत नाही. चढ इतका कमी की पाणी सांडलं तर ते विचार करेल कुठे वाहायचं. अंबरीष पुढे. वळणावर पिवळी पाटी, तिच्यावर काळं अस्वल. मी तिच्याकडे बघितलं आणि त्याच वेळी डावीकडच्या मांडवाखाली काहीतरी काळं हललं.

छाती आवळली. कुणीतरी पट्ट्याने करकचून बांधावी तशी. मी उतरले. हँडल धरून उभी राहिले. त्या थंड वाऱ्यात कपाळावरून घाम गळायला लागला. जबडा, दंड, सगळं एकदम. मला वाटलं, भीती भीती म्हणतात ती ही. इतकी वर्षं घाबरले ते काहीच नव्हतं. घंटा वाजवावी म्हणून पिशवी हलवायला गेले तर हात उचलेना.

मांडवाखालचं काळं उठून उभं राहिलं. काळा रेनकोट घातलेले एक म्हातारे गृहस्थ, हातात कात्री, शेजारी द्राक्षांचं क्रेट. माझ्याकडे बघून ते मोठ्याने काहीतरी म्हणाले. तेव्हा अंबरीष मागे वळला.

तो आला. सायकल त्याने वाटेतच टाकून दिली, ती पडल्याचा आवाज ऐकला. माझ्या समोर आला तेव्हा त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा होता. ओठसुद्धा. मी मनात म्हटलं, आलं. ज्याला इतके महिने घाबरत होते ते आलं. आणि अगदी शांत झाले. चेन, कप्पा, अंगठ्याने दाबलं, गोळी हातात. ती त्याच्या तोंडाशी धरून म्हटलं, "तोंड उघड. बोलू नकोस. जिभेखाली."

त्याने माझं मनगट धरलं. "विभा, मला काही होत नाहीये."

"वेड्यासारखं करू नकोस, तोंड उघड."

"तू उघड."

"तुझी गोळी आहे ती."

मग त्याने ईश्वरीला लहानपणी औषध पाजायचा तसे माझे गाल दाबले आणि गोळी माझ्या जिभेखाली ठेवली. तिखट लागते ती. मला माहीत नव्हतं. इतके दिवस जवळ बाळगली, चव माहीत नव्हती. मी रस्त्यावर बसले. पाठ त्याच्या गुडघ्यांना टेकलेली.

त्या गृहस्थांनी फोन केला. मग धावत खाली जाऊन रस्त्याच्या तोंडाशी असलेला लोखंडी खांब उपसून बाजूला ठेवला. गाड्या नसलेल्या रस्त्यावर गाडी आली ती माझ्यासाठी.

इथे तरुण डॉक्टरबाई आहेत. त्यांनी इंग्रजीत विचारलं, हे दुखणं कधीपासून? मी म्हटलं, "टुडे."

"सिन्स मे," अंबरीष म्हणाला.



७ ऑक्टोबर, मंगळवार

काल हातातून नळी घालून तपासलं. हृदयाला रक्त नेणारी मुख्य नळी सुरुवातीलाच बंद होत आली आहे, आणखी दोन ठिकाणीही. स्टेंटने भागणार नाही. बायपास. गुरुवारी. तोवर पलंगावरून उतरायचं नाही.

दुपारी भेटीच्या वेळेत अंबरीष आला. दाढी वाढलेली, शर्ट शनिवारचाच. मी विचारलं, "मेपासून म्हणजे काय?"

त्याने खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"तू त्या दिवशी बाकावर बसलीस, दंड चोळत. मला कळलं. मलाही तसंच व्हायचं ऑफिसच्या जिन्यात, अटॅकच्या आधी. मी पण पित्त म्हणायचो."

"मग बोलला का नाहीस?"

"विचारत होतो ना. काय होतंय, काय होतंय."

"मी पित्त म्हटलं की गप्प बसत होतास."

"हो," तो म्हणाला. "तेच ऐकायला विचारत होतो. तू पित्त म्हणालीस की मला झोप लागायची." मग म्हणाला, "फोटोंच्या निमित्ताने तुला थांबवत होतो. तेवढंच केलं. मला वाटायचं, सावकाश नेलं तर काही होणार नाही. ही ट्रिप झाली की डॉक्टरांकडे नेऊ, ठरवलं होतं. आणि तू इतकी घाबरतेस ना विभा, सगळ्यालाच. मला वाटायचं, असेल तेच. असू दे तेच."

मला संताप आला. इतका की उशाकडचं यंत्र वाजायला लागलं आणि नर्स धावत आली. तिने त्याला बाहेर बसवलं. दाराच्या काचेतून त्याचा खांदा दिसत होता, वर-खाली होणारा. मी त्याला रडताना कधी बघितलं नव्हतं, स्टेंटच्या वेळीही नाही.

तो गेल्यावर पडल्या पडल्या विचार केला. मी तरी वेगळं काय करत होते? दिवसातून शंभर वेळा विचारायचे, तुला काही होत नाही ना. त्याला 'नाही'च म्हणता येईल असाच तो प्रश्न. राग गेलेला नाही. पण कुणावर धरायचा ते कळत नाही.

आणि बाबा. बाबांना पित्त नव्हतं. हे आज कळलं, या पलंगावर. इतकी वर्षं मी त्यांना पुण्यवान म्हणत आले.

८ ऑक्टोबर, बुधवार

ईश्वरी आली. क्योतोहून मिळेल त्या गाडीने. केस विंचरलेले नाहीत, पायात दोन वेगळे मोजे. माझा हात धरून बसली, तिच्या हाताला गारठा.

चार वाजता डॉक्टरबाई ऑपरेशन समजावून सांगायला आल्या. इथे नियमच आहे, सगळं आधी सांगतात, पेशंटला आणि घरच्यांना समोर बसवून, कागदावर चित्र काढून. फोनवर इंग्रजी दुभाष्या देऊ म्हणाल्या. ईश्वरी म्हणाली, मी सांगेन आईला.

त्यांनी हृदय काढलं, नळ्या काढल्या. पुष्कळ बोलल्या, सावकाश, मधे मधे थांबून. एका जागी पेन ठेवून अंबरीषकडे बघितलं. त्याला जपानी कळतं. तो जमिनीकडे बघत होता. ईश्वरी नुसती "हाय, हाय", म्हणजे हो हो, म्हणत मान हलवत होती. मला त्यातले चारदोन शब्द कळले असतील.

मग ती माझ्याकडे वळली आणि मराठीत बोलली. लहानपणी बोलायची तसं, एकेक शब्द शोधून. "आई, तीन जागी बंद आहे. पायातून नळी घेणार आणि नवीन रस्ता करणार. मग बरं होणार."

"एवढंच?"

"हो. दाइजोबु."

डॉक्टरबाई वीस मिनिटं बोलल्या होत्या.

किती हलकं वाटलं म्हणून सांगू. मग बरं होणार. मला तेवढंच हवं होतं. मान हलवून डोळे मिटून घ्यावेत, उद्या सकाळी त्यांना काय करायचं ते करू दे. मी मान हलवलीसुद्धा. अंबरीषने सुटकेचा श्वास टाकला, तो मला ऐकू आला. आणि तो श्वास ऐकूनच मी डोळे उघडले.

"ईश्वरी, राहिलेलं सांग."

ती जपानीत काहीतरी म्हणाली.

"मराठीत."

"आई, नको ना."

"विभा, राहू दे," अंबरीष म्हणाला. "उगाच घाबरशील."

"घाबरू दे. सांग बाळा."

तिने सांगितलं. शंभर माणसांत दोन-तीन माणसं उठत नाहीत. काही उठतात, पण. त्या 'पण'च्या पुढचा शब्द तिला मराठीत येईना. तिने तळहात स्वतःच्या अर्ध्या चेहऱ्यावर ठेवला आणि तेवढा अर्धा चेहरा खाली पाडून दाखवला. माझ्या पोरीचा तो चेहरा मी बघितला. "पक्षाघात," अंबरीष हळू म्हणाला. ती पुढे म्हणाली, आणि ऑपरेशनपर्यंतसुद्धा काही होऊ शकतं, आज, रात्री, केव्हाही, कारण बंद आहे ती मोठी आहे. म्हणून तू उठायचं नाही. एवढं बोलून तिने माझ्या चादरीत तोंड खुपसलं.

मी ऐकलं. सगळं ऐकलं. आजवर अस्वलांची, भूकंपाची, त्याच्या ठोक्यांची भीती वाटली, तेव्हा काहीतरी करता तरी यायचं. फोन बघता यायचा, पाकीट चाचपता यायचं. या भीतीचं काही करता येत नाही. ही माझी आहे आणि ती घेऊन पडून राहायचं आहे.

डॉक्टरबाई पेन पुढे धरून थांबल्या होत्या. काही विचारायचं आहे का, असं त्यांनी विचारलं असावं.

"मला फार भीती वाटते," मी म्हटलं. "मला मरायचं नाहीये. त्यांना सांग."

अंबरीषने माझ्या पावलांवर हात ठेवला. ईश्वरीने तोंड वर केलं, नाक पुसलं आणि डॉक्टरांना सांगितलं. काही गाळलं नाही.